महास्नानगृहाच्या दरजा

मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचे छायाचित्र शालेय पुस्तकात बहुतेकांनी पाहिलेले असते. १९२५-२६ च्या उत्खननात ते उजेडात आले, आणि तेव्हापासून चर्चा फिरते ती एकाच प्रश्नाभोवती : तेथे स्नान कोण करीत असे आणि कोणत्या विधीसाठी? सिंधू लिपी वाचता येत नाही तोवर हा वाद मिटणे कठीण. एखादा गवंडी मात्र त्या कुंडाकडे पाहून निराळेच विचारील : हे गळू नये म्हणून काय केले होते?

कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल आहे. काठोकाठ भरल्यास दोन लाख लिटरच्या आसपास पाणी मावेल. एवढे पाणी विटेपेक्षा सांध्यातून आधी वाट काढते. म्हणून बांधणाऱ्यांनी भाजक्या विटा कडेवर उभ्या लावल्या, एकमेकींना घट्ट भिडवल्या आणि मधल्या दरजा जिप्समच्या मसाल्याने भरल्या. जिप्सम पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते. तेव्हा दरजा इतक्या अरुंद ठेवण्यामागे केवळ नीटनेटकेपणा नसावा.

खरी करामत विटांच्या या अस्तरामागे दडलेली आहे. तेथे सुमारे एक इंच जाडीचा नैसर्गिक डांबराचा थर आहे आणि त्याला धरून ठेवण्यासाठी मागे विटांची आणखी एक भिंत. जिप्सम ताठर, बांधकाम जरा हलले की तडकणारे. डांबर मऊ, ओढ सोसणारे. दोन स्वभावांचे पदार्थ, दोन वेगळी कामे. विधीच्या चर्चेपेक्षा ही विभागणी अधिक बोलकी आहे.

आजच्या न्हाणीघरातही हीच विभागणी अपेक्षित असते. टाइलांमधल्या दरजांत सिमेंटचा ग्राउट, आणि भिंत जमिनीला किंवा दुसऱ्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात लवचीक सिलिकॉन. व्यवहारात मात्र कोपऱ्यातही पांढरे सिमेंटच कोंबले जाते. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, केसाएवढी चीर पडते आणि खालच्या घराच्या छतावर ओल उमटते. पुढचे भांडण सोसायटीच्या सभेत!

दुरुस्तीतही घाई नडते. भुसभुशीत ग्राउट खरवडून न काढता त्यावर पातळ लेप दिला, तर तो लवकरच पोपड्यासारखा सुटतो. जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. जुने मुळापासून सोलून, जागा पुसून, पूर्ण कोरडी होऊ द्यावी लागते. आणि साधा सिमेंटचा ग्राउट मुळात जलरोधक नसतोच. पाणी अडवण्याचे काम टाइलांखालच्या थराचे. तोच फाटला असेल, तर दरजा कितीही वेळा भरल्या तरी फारसा उपयोग नाही. फरशी उखडावी लागते.

मोहेंजोदडोला आता धोका आहे तो खालून येणाऱ्या पाण्याचा. भूजलातील क्षार विटांत चढतात, पाणी उडून जाते, मागे राहिलेले स्फटिक विटेला आतून फोडतात. ओलसर भिंतीवर फुलणारा पांढरा लोणा तो हाच. १९८० पासून जागतिक वारसा असलेल्या या नगरात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या विटा त्यामुळे पिठासारख्या झडत आहेत.