आडनाव विचारलं तेव्हा

व्हॅलेन्सियात पहिल्याच दिवशी घरच्या बाईंनी आडनाव विचारलं, तशा आम्ही दोघी सावध झालो. पुण्यात खोली शोधताना या प्रश्नानंतर काय ऐकावं लागतं, हे आम्हाला पाठ होतं. पण बाईंना आईचंही आडनाव हवं होतं! स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं.

रविवारी दुपारी तीनला जेवण. पाएयाची पसरट कढई मध्ये ठेवली आणि सगळ्यांनी आपापल्या चमच्याने त्यातूनच खाल्लं. आमच्या चमच्याचा विटाळ कुणाला झाला नाही. आम्हाला भरून आलं.

तेवढ्यात बाईंचे भाऊ म्हणाले, "पलीकडच्या वस्तीत जाऊ नका, तिथे खितानो राहतात." भाषा परकी, पण सूर ओळखीचा! खितानो म्हणजे रोमा लोक. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातूनच निघाले होते. १७४९ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने त्यांना हजारोंच्या संख्येने पकडून डांबलं.

मित्रांनो, आपल्याला ताटात जागा मिळाली म्हणून गप्प बसायचं का? बाबासाहेबांची बंधुता फक्त आपल्यापुरती आहे का? मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये आम्ही विचारलं, "तुम्ही कधी त्यांच्यासोबत जेवलात?"

कुणीच उत्तर दिलं नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला पुढचा घास गिळता आला नसता.

जय भीम!