रिकामा रकाना

आई देवाघरी गेली आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात दादाला संस्थेत ठेवण्याचे आम्ही भावंडांनी ठरविले. दादा ५४ वर्षांचा, समज मात्र लहान मुलाची. पूर्वी अशांना मतिमंद म्हणत, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द सुधारला, हे बरेच झाले. कार्यालयात मी अर्ज भरला. प्रवेशाच्या तारखेसाठी रकाना होता. परत जाण्याच्या तारखेसाठी नव्हता. इथे राहायचे आहे का, असे दादाला कुणीच विचारले नाही. मीही नाही.

ही गोष्ट मनाला कुरतडत राहिली, म्हणून वकिली करणाऱ्या भाच्याकडे गेलो. त्याने सांगितले, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार निर्णय घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला नातेवाइकांच्या अर्जावरून इस्पितळात ठेवायचे, तर प्रथम ३० दिवसच ठेवता येते. पुढे ९० दिवस, मग १२०, त्यानंतर प्रत्येक खेपेस १८०. आणि या प्रत्येक मुदतवाढीला पुनर्विलोकन मंडळाची मान्यता लागते.

"मग दादाचे दिवस किती?" मी आशेने विचारले.

"मामा, तो कायदा मोठ्या मामांना लागूच होत नाही."

मनोविकाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगता वगळलेली आहे. त्यामागचा विचार रास्तच. मनाची वाढ अपुरी राहणे हा काही आजार नव्हे. परंतु आजार नाही म्हणून त्या मुदतीचे कुंपणही नाही! २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की, पालकत्व मर्यादित असावे, ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक काळापुरते. आम्ही तर पालकत्वासाठी अर्जही केला नव्हता. धाकटा भाऊ या नात्याने मी सही ठोकली, आणि एका प्रौढ माणसाचे उरलेले आयुष्य ठरवायला ती पुरली.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून संस्थेत गेलो. सिस्टरांनी हरकत घेतली नाही. तारीख मागणारा नातेवाईक त्यांना नवा होता, एवढेच. अर्जाच्या समासात मी लिहिले : 'मुदत ९० दिवस. नंतर दादाला विचारून.' अशा ओळीला कायद्याचा आधार नाही, हे भाच्याने आधीच बजावले होते.

दादा बाहेर बाकावर बसला होता, मांडीवर कपड्यांची पिशवी. "घरी?" त्याने विचारले. बोटांच्या पेरांवर मी त्याला तेरा रविवार मोजून दाखविले. त्याने माझा हात धरला आणि पुन्हा पहिल्या पेरापासून मोजायला लावले.