डोळ्यांतील कुसळ

पावसाळा सरून माळावरील गवत पिवळें पडूं लागलें, म्हणजे दख्खनच्या पठारावर हिंडणाऱ्यांच्या कपड्यांस व मेंढरांच्या लोकरीस कुसळें चिकटूं लागतात. कुसळी गवताचें हें टोंकदार बीं मोठें चमत्कारिक असतें. त्याची लांब शेपटी ओलाव्यानें पीळ सोडते व वाळतांच पुन्हां पीळ घालते, आणि असें फिरतां फिरतां तें गिरमिटाप्रमाणें आंत शिरतें. शुभवर्तमानांतील कुसळ व मुसळ यांचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु डोळ्यांत खरोखरीचें कुसळ गेलें असतां काय होतें, हें आम्ही गिनिपिगांच्या संगतींत पाहिलें.

आमच्या शाळेंत जीवशास्त्राच्या खोलीमागें गिनिपिगांचें एक लहानसें कुटुंब आहे, व त्यांच्या पिलांपैकीं कांहीं विद्यार्थ्यांच्या घरीं गेलीं आहेत. नांवांत गिनी असली तरी हा प्राणी आफ्रिकेचा नव्हे, व डुकराचाही त्याशीं कांहीं संबंध नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावरील लोकांनीं त्यास हजारों वर्षांपूर्वीं मांसाकरितां माणसाळविलें, व सोळाव्या शतकांत तो युरोपांत पोंचला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस, बाहेर आलेल्या काळ्या मण्यांसारखे असतात. शत्रु मागून येतो कीं काय हें पाहण्यास ही रचना फार सोयीची. पण गवतांत तोंड खुपसून खाणाऱ्यास ती तितकीच धोक्याची. बरें, गवत बंद करावें म्हटलें तर तेंही करतां येत नाहीं. त्याचे दांत जन्मभर वाढतात, व ते झिजण्यास आणि आंतडीं चालूं राहण्यास वाळलेलें गवतच लागतें. ज्यावर त्याचा प्राण, त्याचीच काडी त्याच्या डोळ्यांस बोंचते.

दुर्बळ प्राणी आपलें दुखणें लपवितो, कारण रानांत दुखणाइताकडे शत्रूचें लक्ष आधीं जातें. म्हणून गिनिपिग ओरडून सांगेल ही अपेक्षा व्यर्थ होय. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटीनंतर सातवीच्या वर्गांतील एक मुलगी आम्हांकडे आली व म्हणाली, “सर, आमची चिमी कालपासून एकाच डोळ्यानें झोंपते.” हें वर्णन एखाद्या वैद्यास शोभेल इतकें नेमकें होतें. तिच्या घरीं जाऊन पाहतों, तों डावा डोळा अर्धा मिटलेला, खालचे केंस ओले, आणि बुबुळावर धुकें पडावें तशी निळसर पांढरी छटा. मुलीनें आणखी एक गोष्ट टिपली होती : सकाळपासून चिमीनें कोथिंबिरीस तोंड लावलें नव्हतें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. निरोगी गिनिपिग डोळ्यांच्या कोंपऱ्यांतून मधूनमधून दुधासारखा पांढरा द्रव सोडतो, व पुढच्या पायांनीं तो तोंडावर चोळून तोंड धुतो. हें पाहून घाबरलेले पालक आम्हांस भेटले आहेत. तो द्रव क्षणभर दिसतो व नाहींसा होतो, आणि डोळा टक्क उघडा असतो. मिटलेला डोळा, सतत गळणारें पाणी, चिकट पू, पापणीवरील खपली अथवा बुबुळावरील ढग हीं मात्र दुखण्याचीं चिन्हें होत, व तीं दिसल्यावर उद्यांची वाट पाहूं नये.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली ती सांगतों. आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर डोळ्यांच्या थेंबांची एक अर्धी राहिलेली बाटली असते. केव्हां कोणाचे डोळे आले होते, केव्हां आजोबांच्या मोतीबिंदूचें ऑपरेशन झालें होतें, त्या वेळची ती. प्राण्याचा डोळा लाल दिसतांच दयाळू माणसाचा हात त्या बाटलीकडे जातो. दया खरी असते; परंतु अशा थेंबांत पुष्कळदां जंतुनाशक औषधाबरोबर डेक्सामेथासोनसारखें स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें लाली ओसरते, सूज उतरते, व घरच्यांस समाधान वाटतें. पण बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा असेल, तर तेंच औषध जखम भरूं देत नाहीं व जंतूंस मोकळें रान देतें. पडदा पातळ होत जातो, आणि शेवटीं फुटूंही शकतो.

एका घरीं असेंच झालें. कुटुंब सुशिक्षित, प्राण्यावर जीव टाकणारें. चार दिवस थेंब घातले, डोळा निवळला असें सर्वांस वाटलें, आणि पांचव्या दिवशीं बुबुळ सगळेंच पांढरें होऊन पुढें आलें. पशुवैद्यांस डोळा काढून टाकावा लागला. त्या घरच्या आठवींतील मुलानें ते थेंब स्वतःच्या हातानें, घड्याळ लावून, घातले होते. तो पुढें कित्येक दिवस वर्गांत मान वर करून बोलेना. अपराध त्याचा नव्हता. त्यास हें कोणीं सांगितलेंच नव्हतें.

गुलाबपाणी, मध, निरसें दूध, काजळ हेही उपाय आमच्या कानांवर आले आहेत. ते या मुक्या जिवाच्या जखमी डोळ्यांत घालूं नयेत, एवढेंच म्हणतों.

घरीं करण्याजोगें थोडेंच असतें. प्राण्यास मऊ पंचांत गुंडाळून मांडीवर घ्यावें. उताणें पाडूं नये. औषधाच्या दुकानांतील निर्जंतुक सलाइननें डोळा हलक्या हातानें धुवावा. कचरा सुटा असल्यास वाहून जातो. काडी रुतली असेल तर चिमटा घेऊन ओढूं नये. पडद्यास भोंक पडलें असेल तर तीच काडी त्याचें बूच झालेली असते. मग पिंजऱ्यासह पशुवैद्यांकडे जावें. आधीं विचारून घ्यावें कीं, आपण लहान प्राणी पाहतां काय. गाईम्हशींच्या वैद्यास या जातीचा अनुभव असेलच असें नाहीं.

चिमीस त्याच सायंकाळीं नेलें. डॉक्टरांनीं नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी ओली करून डोळ्यास लावली, खोलींत अंधार केला व निळा दिवा धरला. धड पडदा तो रंग धरीत नाहीं. जेथें ओरखडा असेल तेथेंच तो राहतो व हिरवा चमकतो. चिमीच्या डोळ्यांत हिरवी रेघ उमटली, तेव्हां मुलीनें आमचा हात घट्ट धरला. फ्लुओरेसिन नांवाचा हा रंग अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८७१ सालीं प्रथम तयार केला. रसायनाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनीं ही रेघ एकदां पाहावी. डोळा बधिर करून पापणीआड पाहिलें, तों गवताचें एक तूस सांपडलें.

स्टेरॉइड नसलेले जंतुनाशक थेंब दिवसांतून चार वेळां घालावयाचे ठरले. पोटांत देण्याचें औषध मात्र वैद्यावांचून देऊं नये. पेनिसिलीनच्या जातीचीं औषधें गिनिपिगाच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतु मारतात व त्यानें प्राणी दगावतो. १९४० सालीं ऑक्सफर्ड येथें पेनिसिलीनची परीक्षा उंदरांवर झाली हें जगाचें भाग्य. त्या वेळीं गिनिपिग घेतले असते, तर तें औषध विषारी ठरण्याचा संभव होता.

दुखणाइतानें अन्न सोडलें तर डोळ्याहून पोटाचें भय अधिक. अर्धा दिवस उपाशी राहिल्यास वैद्यास कळवावें, व स्वयंपाकघरांतील तराजूवर रोज वजन घ्यावें. माणसाप्रमाणेंच या प्राण्यास क जीवनसत्त्व शरीरांत तयार करतां येत नाहीं. नॉर्वेंत होल्स्ट व फ्रोलिक यांनीं १९०७ सालीं याच प्राण्यावरून स्कर्व्हीचा उलगडा करण्यास आरंभ केला. तें जीवनसत्त्व नसेल तर जखम भरत नाहीं. म्हणून ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड रोजच्या खाण्यांत असावी. चिमीची आई पहाटे पांचला उठून थेंब घालीत असे. दहाव्या दिवशीं पुन्हां पट्टी लावली. हिरवें कांहींच दिसलें नाहीं.

आतां आमच्या पिंजऱ्यांत गवत घालण्यापूर्वीं मुलें तें कागदावर पसरून जाड काड्या व कुसळें वेंचून काढतात. गवताची जाळी तोंडाच्या उंचीवर बांधली आहे, कारण वर टांगलेल्या जाळींतील कचरा थेट डोळ्यांत पडतो. धुळीचा भुसा बंद केला. भांडणारे दोन नर निराळे ठेवले आहेत. त्यांचीं नखेंही डोळ्यांस कुसळाहून कमी नव्हेत.

आणि तो एक डोळा गेलेला प्राणी? तो धडधाकट आहे, वजनानें तर वाढला आहे. जखमेवर केंस आले आहेत. त्याच्या आंधळ्या बाजूनें अकस्मात् हात घातला कीं तो दचकतो. म्हणून तो आठवींतला, आतां दहावींतला, मुलगा पिंजऱ्याशीं आला कीं आधीं नांवानें हांक मारतो, कुई कुई असें उत्तर येईपर्यंत थांबतो, आणि मगच दार उघडतो.