सपाट आणि शिगेचं

१४ एप्रिलचं जेवण. वस्तीतली दीडशे माणसं. माणशी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ, म्हणजे १५ किलो. हिशेब मी केला. शिकलेला मीच ना! तराजू मिळाला नाही. दुधाचं लिटरचं माप होतं. लिटर म्हणजे किलो, असं धरून १५ मापं टोपात ओतली.

आय चुलीपाशी होती. टोपात डोकावून म्हणाली, "कमी हाय."

"अगं, मोजून १५ किलो आहे."

"पंचवीसएक मानसं उपाशी उठतील. आनी सा मापटी घाल."

वाद नको म्हणून घातली. जेवण पुरलं.

दुसऱ्या दिवशी वाण्याच्या काट्यावर तपासलं. लिटरभर पाणी १ किलो भरतं. आमचा तांदूळ लिटरला ८४० ग्रॅमच भरला. दाण्यादाण्यामधे हवा राहते. माझे १५ किलो खरे १२ किलो ६०० ग्रॅम होते. २४ माणसांचा घास गेला असता, तोही बाबासाहेबांच्या जयंतीला.

मग आयचं मापटं तोललं. मापटं म्हणजे अर्धा शेर. आमच्यात अर्धा लिटर मावतं. वरून हात फिरवून सपाट केलं, तर तांदूळ ४२० ग्रॅम. शीग लावली, तर ४७०. भरताना आपटलं, तर दाणा खाली बसतो आणि आणखी मावतो.

"५० ग्रॅमचा तर फरक," मी म्हणालो.

आय गप्प झाली. मग बोलली. आषाढात घरात दाणा नसायचा. गावातल्या एका वाड्यावर तांदूळ उसना मागायचा. मालक मापटं भरायचा आणि वरून हात फिरवायचा. सपाट. सुगीला फेडायचं ते दिढीनं. पायलीला दीड पायली. तेव्हा तेच मापटं, पण आपटून भरलेलं, वर शीग.

पायलीची आठ मापटी. आठ वेळा ५० म्हणजे ४०० ग्रॅम. दर पायलीमागं जवळजवळ एक मापटं त्या शिगेतच जायचं. दिढी वेगळीच. दिढी सगळ्यांना ठाऊक होती. शीग कुठल्याच वहीत नव्हती.

१९५६ च्या कायद्यानं किलो-लिटर आले. पण हात फिरवणारा हात कायद्यानं थोडाच जातो?

दोस्तहो, शिबिरात मी 'शोषण' हा शब्द घसा ताणून म्हणत आलो. आयनं ते मापट्यानं मोजलं होतं. मला ते मोजताच येत नव्हतं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य आहे. सगळा तांदूळच मिळाला, तर आमच्या मापट्यानं सपाट बारा मापटी. रेशन घरी आणलं की आय आता मोजते. मी लिहून ठेवतो.

तुम्हीही घरचं एक भांडं सपाट भरा, काट्यावर ठेवा. भांड्याचं वजन आधी वजा करा. तांदूळ बदलला की पुन्हा तोला. आकडा भिंतीवर लिहा. आमच्या भिंतीवर कोळशानं लिहिलंय : मापटं ४२०.

जयभीम.