लहान दुर्बीण

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मनुष्यास कांहीं तरी नाद लागतोच. आम्हांस दुर्बिणीचा लागला. दुर्बीण जेवढी मोठी तेवढी चांगली, असा सर्वसाधारण समज आहे, व नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाचें असल्यास तो बराचसा खराही आहे. परंतु आकाशाचीं छायाचित्रें घ्यावयाचीं असतील तर आम्ही निःसंकोचपणें लहान दुर्बिणीच्या पक्षाचे आहोंत. पुण्यांतील आमच्या गच्चीवरून हल्लीं दिव्यांच्या उजेडामुळें कृत्तिकाही धड मोजतां येत नाहींत. तेथें मोठी दुर्बीण मांडली तरी ती तोच उजेड अधिक गोळा करणार! आमची ८० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण मात्र एसटीच्या गाडींत मांडीवर बसते व वाईजवळच्या अंधाऱ्या माळावर आम्हांबरोबर उतरते.

खरी मेहनत दुर्बिणीची नव्हे, तिच्या बैठकीची. पृथ्वी फिरत असल्यामुळें मृगांतील तारे दर सेकंदास सुमारें १५ विकला सरकतात. म्हणून बैठकीचा आंस ध्रुवाकडे रोखून मोटरीनें दुर्बीण ताऱ्यांमागोमाग फिरवावी लागते. आमच्याकडे ध्रुव क्षितिजावर जेमतेम १८ अंश, आणि तोही खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून अधिक ढळलेला. (कीर्तनकारांनीं हें मनास लावून घेऊं नये.)

मृगाच्या बाणाच्या दक्षिणेस जो तेजोमेघ आहे, त्याचें पहिलें छायाचित्र अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यांनीं १८८० सालीं घेतलें. त्यांस ५१ मिनिटें लागलीं. आम्ही अर्ध्या अर्ध्या मिनिटाचीं १०० चित्रें घेऊन संगणकावर एकावर एक रचलीं. बेरीज जवळजवळ तेवढीच!

चित्र पाहून सौभाग्यवतींनीं विचारलें, “हा तांबडा रंग खरा, कीं तुम्हीं भरलेला?”

मुलांस खरें बोलावें असें शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास हा प्रश्न झोंबल्यावांचून राहत नाहीं. तो रंग हायड्रोजन वायूचाच आहे. मंद प्रकाशांत मनुष्याच्या डोळ्यास रंग कळत नाहींत, इतकेंच. संगणकावर आम्हीं तो उजळला, निर्माण केला नाहीं. तथापि त्यांचें समाधान झालें नाहीं. पुढील अमावास्येस त्या स्वतः माळावर आल्या. कॅमेरा काढून आम्हीं डोळा लावण्याचें भिंग बसविलें. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “करडाच दिसतो.”

चित्र आतां दिवाणखान्यांत लागलें आहे. त्याखालीं त्यांच्याच सांगण्यावरून एक ओळ लिहिली आहे: ‘डोळ्यांस करडा दिसतो.’