खाडीकाठची चैत्रातली चूल

दाभोळला वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. बहामनी काळात हे मोठं बंदर होतं, अरबस्तानातून आलेले घोडे इथे उतरत. १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळलं. आज त्या वैभवाची खूण म्हणून दगडी शाही मशीद उभी आहे, आणि धक्क्यावरून पलीकडच्या धोपाव्याला फेरीबोट जाते. खाडीच्या काठाने चिपळूणच्या बाजूला आत गेलं की आमच्यासारख्या कोकणी मुसलमानांचे मोहल्ले लागतात. चिऱ्याची कौलारू घरं, पुढे पडवी, मागे परसू. बऱ्याच दारांना कुलूप असतं. कमावती माणसं मुंबईला नाही तर कुवेत, कतार, दुबईला. चैत्र लागला की त्यातली काही कुलपं निघतात आणि परसातल्या चुलींतून धूर दिसू लागतो.

या दिवसांत आम्हांला बाजाराची फारशी गरज पडत नाही. रात्री वारा सुटला की सकाळी कैऱ्यांचा सडा पडलेला असतो. काजूचे ओले गर निघत असतात. बिया फोडायच्या आधी हाताला खोबरेल लावायचं, नाहीतर चिकाने कातडी सोलून निघते. मग गर गरम पाण्यात घालून वरची साल काढायची. इतका खटाटोप केल्यावर उसळ अगदी साधी: कांदा, थोडा मसाला, ओलं खोबरं. कोवळा फणस चिरतानाही विळीला तेल लावावं लागतं. पिकल्या फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवल्या जातात. ओहोटीला बायका खाडीत उतरून तिसऱ्या काढतात. सोबतीला उकड काढून थापलेली तांदळाची भाकरी.

आमच्या घरात सगळ्यांना आवडतो तो कैरी घातलेला जवळा. सुका जवळा निवडून कोरड्या तव्यावर भाजायचा, धुऊन घट्ट पिळायचा. तेलात लसूण आणि भरपूर कांदा परतून हळद-तिखट घालायचं, मग जवळा आणि कैरीचे बारीक तुकडे. झाकण ठेवून वाफ आली की वरून खोबरं, कोथिंबीर. मीठ शेवटी, चव पाहूनच, कारण जवळा मुळात खारट असतो. पंधरा मिनिटांत होणारं हे कालवण गरम भाकरीबरोबर पुढ्यात आलं की पाहुणाही दुसरं काही मागत नाही. त्यातली एक वाटी शेजारी जाते, आणि ती वाटी कधी रिकामी परत येत नाही. रश्शात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही नबी (स.) यांची शिकवण दादीने आम्हांला पुस्तकातून सांगितली नाही. तिने हातात वाटी दिली आणि शेजारी पाठवलं.

२०२३ ते २०२५ या वर्षांत आमच्या या चुलीला रमजानची सोबत मिळाली. २०२३ ची ईद एप्रिलमध्ये झाली, २०२५ ची मार्चच्या अखेरीस. रोजा कडक उन्हाचा होता, पण इफ्तारीला परसूच धावून आलं. खजुरानंतर कैरीचं पन्हं: उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. एखाद्या दिवशी कोकमाचं सरबत. सहरीला मऊ खिचडी आणि भाजलेला सुका बोंबील. रंगीत सरबताच्या बाटल्या मुंबईहून आल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. आता तो थंडीकडे निघाला आहे. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. चैत्राच्या तोंडावर मार्चअखेर सुरू होणारा रमजान याआधी १९९० च्या सुमारास आला होता. तसा पुन्हा येईल तो २०५५ च्या आसपास. यंदा पहिले रोजे धरणारी आमची मुलं तेव्हा चाळिशीत असतील. दादी नसेल. हे घर उघडं असेल का, एवढाच प्रश्न आम्हांला पडतो.

घर उघडं राहणं म्हणजे नुसती कौलं शाकारणं नव्हे. वर वर्णन केलेलं जेवण खर्चाला स्वस्त आहे, कष्टाला नाही. गर सोलणं, तिसऱ्या काढणं, कोकमाची सालं त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात सुकवणं, पावसाआधी मसाला आणि सुक्या मासळीची बेगमी, हे सगळं वर्षानुवर्षं दोन-तीन बायकांच्या अंगावर पडत आलं आहे. त्या थकल्या की कुलूप लागतं. गंमत अशी, की आखातातल्या खोल्यांत हेच आमचे भाऊ पाळीपाळीने स्वयंपाक करतात. जवळा किती वेळ भाजायचा, हे विचारायला तिथून फोन येतो. तिथे जे हात चालतात ते सुट्टीत घरी आल्यावर पाटावर बसून का राहावेत? गेल्या सुट्टीपासून आमच्याकडे भाकरी थापण्याची पाळी लागली आहे. मुलगा, जावई, सगळे त्यात आहेत. भाकऱ्या अजून वाकड्या होतात, दादी त्या आधी स्वतःच्या ताटात घेते.

परसातही थोडं काम काढलं आहे. कोकम बीपासून लावलं तर निम्मी झाडं नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही, हे कळायलाच सात-आठ वर्षं जातात. म्हणून या पावसाळ्यात मादी झाडाची दोन कलमं लावायची ठरली आहेत. फणसाची मात्र आठळीच रुजवली. तिला फळ धरायला बरीच वर्षं लागतील. हातात रोप असेल आणि कयामत समोर दिसत असेल, तरी रोप लावून टाकावं, असं आपल्याला शिकवलं गेलं आहे. इथे तर फक्त २०५५ पर्यंत थांबायचं आहे. रोपाला रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायचं काम घरातल्या सर्वांत धाकट्याकडे दिलं आहे. इन्शाअल्लाह, सावली त्याच्याच वाट्याला यावी.