मानेचा हिसका आणि घरकामाचा हिशेब

हात मोडला तर प्लॅस्टर दिसतं, येणारा-जाणारा विचारपूस करतो. मानेला हिसका बसला तर काय दिसणार? एक्स-रे स्वच्छ, आणि इकडे आपल्याला साधा कुकर उचलवत नाही!

गेल्या वर्षी माझं तसंच झालं. जठारपेठेतून शाळेत निघाले होते. थांबलेल्या ऑटोला मागून मोटारीने धडक दिली. डोकं झटक्यात मागे गेलं नि पुढे आलं. त्या दिवशी फारसं दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण स्नायू आणि अस्थिबंध ताणले गेलेत. अशा दुखापतीत त्रास बरेचदा उशिराच सुरू होतो. दीड महिना भाकरी थापणं, बादली उचलणं, फळ्यावर लिहिणं सारं बंद. शाळेत तासांवर पैसे, म्हणजे तेही बंद!

घरी सगळे म्हणाले, "जाऊ दे, कोर्टाची पायरी कशाला?" विमा कंपनीच्या माणसाला घरकामाचं विचारलं, तर म्हणतो, "ते तुम्ही घरीच करता ना बाई, त्यात नुकसान कसलं?" हे बोलणं मात्र मला मानेपेक्षा जास्त लागलं.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातली गोष्ट ऐका. अपघातात एक गृहिणी गेली. तिला कमाई नव्हती म्हणून अचलपूरच्या न्यायाधिकरणाने कुटुंबाचा दावा फेटाळला. २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून आठ लाखांवर भरपाई दिली. त्याआधी जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं होतं. ही प्रकरणं मृत्यूची खरी. पण ज्या कामाला मोल आहे, ते दुखापतीने बंद पडलं तर तेही नुकसानच नाही का?

मी पहिल्या दिवसापासून कागद एका पिशवीत ठेवले होते. दवाखान्याचा पहिला कागद, पोलिसांतल्या फिर्यादीची प्रत, व्यायामोपचाराच्या पावत्या, बुडालेल्या तासांचा शाळेचा दाखला. पोळ्यांना बाई लावली, तिला दिलेल्या पैशांवर दरमहा तिची सही घेतली. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. रक्कम फार मोठी नाही, पण त्यात औषधांबरोबर बुडालेले तास आणि पोळ्यांच्या बाईचे पैसेही धरले गेले.

तेव्हा एवढं लक्षात असू द्या. धक्का बसला की दुखो न दुखो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि अपघाताची नोंद कागदावर करून घ्या. गाडीचा नंबर टिपा. दुखणं कमी-जास्त कसं होतं, ते तारखेनिशी वहीत लिहा. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा. अपघात परगावी झाला तरी आपण राहतो तिथेही करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, म्हणून दिवस ढकलू नका. पूर्ण बरं वाटण्याआधी घाईने "सर्व रक्कम मिळाली" अशा कागदावर सही करू नका.

आणि हो, अर्जात व्यवसायाचा रकाना असतो बरं का. तिथे कुणाला 'काही नाही' असं लिहू देऊ नका. 'गृहिणी' असं लिहा, आणि दिवसभरातली कामं वकिलांना एकेक करून सांगा. यादी लांबेल, लांबू द्या!